कागदी लिंबाचं रोप ८ इंची कुंडीतून मोठ्या कुंडीत हलवायचंय, मुळं न दुखावता कसं करू?

अनुजा_पुणे

नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, बिल्डिंगच्या गच्चीवर आम्हा तीन-चार घरांच्या कुंड्या आहेत, ऊन भरपूर, सकाळी नऊपासून चारपर्यंत तरी असतंच. माझ्याकडे कागदी लिंबाचं एक रोप आहे, गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून आणलं तेव्हा काळ्या पिशवीत होतं, ते मी पिशवी कापून तसंच ८ इंची प्लास्टिकच्या कुंडीत लावलं. आता दोन फुटांच्या वर गेलंय आणि छान फुटलंय, शेंड्याला पोपटी पानं आलीत आणि वाटाण्याएवढी चार-पाच लिंबंही धरलीत.

पण गेले काही दिवस बघतेय, सकाळी पाणी घातलं तरी संध्याकाळी पानं मलूल झालेली असतात, पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं आणि कुंडीच्या बुडाच्या भोकांतून मुळ्या बाहेर आल्यात. म्हणजे कुंडी लहान पडतेय हे कळतंय, पुढचं कळत नाहीये. मिस्टर म्हणतात घरात रंगकामाची २० लिटरची बादली पडलीय तिला भोकं पाडू. शेजारच्या काकू म्हणतात सरळ अर्धा ड्रम घे, परत परत हलवायला नको. व्हिडिओ बघायला जावं तर एक जण म्हणतो सगळी जुनी माती धुऊन काढा, दुसरा म्हणतो मुळांना हात पण लावू नका, आता यातलं काय खरं?

जूनचा पहिला आठवडा आहे, पाऊस अजून आलेला नाही. आत्ता हलवू की थांबू? माती कशी घेऊ, ती नर्सरीची लाल चिकट माती काढायची का, आणि त्या छोट्या लिंबांचं काय करायचं? जीव लागलाय हो या झाडावर, जाऊ नये एवढंच वाटतं.

संतोष_सातारा

ताई, पाऊस पडला की बिनधास्त हलवा, लिंबू चिवट असतं. मी तर म्हणेन काकूंचं ऐका, माझी दोन्ही लिंबाची झाडं अर्ध्या ड्रममध्येच आहेत, अंगणात, नर्सरीतून आणली आणि थेट ड्रममध्ये टाकली, आता पावसाळ्यात खाऊन उरतील एवढी लिंबं येतात. फक्त बुडाला चार बोटं विटांचे तुकडे नाहीतर खडी टाका म्हणजे पाणी साचत नाही, वर शेणखत आणि माती निम्मी-निम्मी. मुळांना काही करायची गरज नाही, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटली नाही पाहिजे एवढंच.

वसुधाकाकू_नाशिक

अनुजा, थांब, आत्ता हलवू नकोस. तू लिहिलंयस की शेंड्याला पोपटी पानं आलीत. लिंबाला पालवी टप्प्याटप्प्याने येते आणि ती कोवळी असते तेव्हा पाणी भरपूर लागतं, त्यात मुळं दुखावली की पहिली तीच पानं माना टाकतात. ती गडद होऊन हाताला जाड लागायला लागली की मग हलव, दोन-तीन आठवडे जातील, तोवर तिकडे पाऊसही बसलेला असेल. ढगाळ दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे मुळं जरा तुटली तरी झाड निभावून नेतं. तोपर्यंत आहे त्या कुंडीला दुपारची सावली कर आणि पाणी दोन वेळा दे.

कुंडीच्या बाबतीत मिस्टरांचं बरोबर आहे. २० लिटरची रंगाची बादली तोंडाला साधारण १२ इंच भरते आणि खोलीला त्याहून जास्त, म्हणजे ८ इंचीनंतरची नेमकी पुढची पायरी. संतोष, तुझी झाडं अंगणातल्या ड्रममध्ये जगली ते छानच, पण एवढ्याशा हुंडीभोवती शंभर लिटर माती असली की मुळं पिणार त्यातलं चार-पाच लिटरमधलं पाणी, बाकीची माती पावसात आठवडेच्या आठवडे ओली राहते, तिच्यातली हवा जाते आणि मुळं तिथे पोचेपर्यंत ती आंबलेली असते. शेणखत निम्मं असेल तर आणखीच. शिवाय अर्धा ड्रम भिजला की शंभर किलोच्या वर जातो, गच्चीवर ते वजन कुठे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. झाड १२ इंचीत दीड-दोन वर्षं काढेल, मग ड्रम घे.

बादली आधी नीट खरवडून धू, रंगाचा पापुद्रा राहू देऊ नको. बुडाला करंगळी जाईल अशी सात-आठ भोकं पाड, आणि एवढ्यावर थांबू नको, बाजूलाही बुडापासून इंचभर वर चारी अंगांना एकेक भोक पाड, कारण बादली सपाट फरशीवर बसली की खालची भोकं झाकली जातात. आणि ती विटांवर उचलूनच ठेव.

माती. नर्सरीवाले पिशवीत लाल चिकण माती भरतात कारण टेम्पोत शंभर धक्के बसले तरी हुंडी फुटत नाही, त्यांच्या सोयीचं आहे ते. आपण मात्र त्याच्याभोवती एकदम हलकी, नुसत्या कोकोपीटची माती घातली की पंचाईत होते. वरून घातलेलं पाणी सोपी वाट धरून बाजूच्या भुसभुशीत मातीतून खाली निघून जातं, मधली चिकण हुंडी कोरडी राहते, वरून बघावं तर कुंडी ओलीचिंब आणि झाड सुकतंय. पावसाच्या झडीत उलटं होतं, बाजू कोरडी झाली तरी मधला गोळा चिंबच. कुंडी बदलल्यावर झाडं जातात त्यातली निम्मी तरी याच्यामुळेच जातात असं माझं मत आहे. म्हणून नवीन मिश्रणात थोडी लाल माती ठेवायचीच. मी घेते ते असं, चाळलेली लाल माती चार घमेली, मुरलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत दोन, धुतलेलं कोकोपीट दोन, भाताचं तूस नाहीतर परलाइट एक, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती कुंडीला नको, भिजली की फुगते आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यातून पिळून घे, त्यात खार असतो आणि लिंबाला खार अजिबात चालत नाही. वाळू म्हणून आजकाल क्रश सँड मिळते ती घालू नको, त्यातली बारीक पूड मातीत बसून थर घट्ट होतो.

आता प्रत्यक्ष काढायचं कसं. आदल्या संध्याकाळी पाणी घाल, सकाळी वाफसा असला पाहिजे, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही. कोरडी हुंडी भुगा होऊन सुटते आणि चिंब असली तर स्वतःच्या वजनाने तुटते. प्लास्टिकची कुंडी आहे ना, ती आडवी करून चारी बाजूंनी तळव्याने दाब, जमिनीवर हलकेच लोळव. भोकांतून आलेल्या मुळ्या अडकवतील, त्या बाहेरून कात्रीने कापून टाक, त्या वाचवायच्या नादात आतली मुळं तुटतात. मग डाव्या हाताची दोन बोटं खोडाच्या दोन बाजूंना आणि तळवा मातीवर, कुंडी पालथी, उजव्या हाताने काठ कट्ट्यावर ठोक. हुंडी आपसूक खाली येते. नाही आली तर जुनी स्टीलची पट्टी कडेने गोल फिरव, तरीही नाही आली तर कुंडीच काप, ५० रुपयांची कुंडी गेलेली परवडते. खोड धरून ओढायचं नाही, काही झालं तरी नाही.

हुंडी बाहेर आली की ती बघ. कडेने पांढऱ्या-पिवळसर मुळ्यांचं जाळं गोल गोल फिरलेलं दिसेल, बुडाशी तर वेटोळंच असेल. "हात पण लावू नका" म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं, ती वेटोळी तशीच ठेवली तर मुळं नव्या मातीतही गोलच फिरत राहतात. बुडाचं वेटोळं धारदार सुरीने अर्धा इंच जाडीचं कापून टाक, बाजूंना वरून खाली चार उभ्या चिरा दे, सेंटीमीटरभर खोल, जास्त नको, आणि बाहेरची इंचभर माती बोटांनी किंवा काडीने मोकळी कर. कडक असेल तर हुंडी पाच मिनिटं बादलीभर पाण्यात ठेव, कडा आपोआप सुटतात. पण सगळी माती धुऊन मुळं उघडी करायची नाहीत. लिंबाची पाणी पिणारी मुळं अगदी बारीक असतात, उघड्यावर काही मिनिटांत सुकतात.

लावताना एकच बघ, झाड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच आताही राहिलं पाहिजे. खोडाला मातीची भर घातली की झाड पक्कं बसेल असं वाटतं पण लिंबवर्गातल्या झाडांना ते फार वाईट, साल ओली राहून बुरशी धरते आणि डिंक्या होतो, म्हणजे खोडातून डिंक गळायला लागतो. हुंडीचा माथा काठापासून दोन इंच खाली येईल असं आधी बुडाला माती भरून मोजून घे, मग बाजूने भरत जा, काडीने कोचत कोचत, म्हणजे पोकळी राहत नाही. मुठीने ठासू नको. बाजूच्या भोकांतून पाणी येईपर्यंत पाणी घाल, माती बसली तर वरून थोडी टाक. पहिला आठवडा सावलीत पण उजेडात, मग सकाळचं ऊन, मग जागेवर.

लिंबं मात्र काढून टाक गं. एवढीशी फळं बहुतेक तशीही गळतात, आणि दोन फुटांच्या झाडाने आत्ता मुळं करावीत हेच बरं.

प्रशांत_नागपूर

वसुधाकाकूंनी बहुतेक सगळं सांगितलं, मी एक विचारतो. ताई, तुमचं झाड बियाचं आहे, गुटीचं (फांदीलाच मुळं फोडून वेगळं केलेलं) आहे की डोळा बांधलेलं कलम? हे आधी पाहून घ्या कारण हलवताना फरक पडतो नं. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुतेक वेळा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बरीचशी हुबेहूब आईसारखीच निघतात, त्यामुळे आपल्याकडे साई शरबती, फुले शरबती अशी बियांपासूनची रोपं सर्रास विकतात आणि त्यात काही वावगं नाही. पण बियाच्या रोपाला फळ लागायला चार-पाच वर्षं लागतात. तुमच्याकडे दोन फुटांवर लिंबं धरली म्हणजे ते बहुधा गुटी नाहीतर कलम असणार.

डोळा बांधलेलं असेल तर खोडावर खाली कुठेतरी वाकडी गाठ दिसेल, तिच्या खालचं खोड आणि वरचं खोड सालीने वेगळं दिसतं. आमच्याकडे संत्र्याला जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बांधतात ते खालचं मुळांचं झाड, वापरतात. ती गाठ मातीपासून वीतभर वर राहिली पाहिजे आणि गाठीच्या खालून जी फूट येईल ती दिसताक्षणी मोडून टाकायची, ती खुंटाची असते, भराभर वाढते, काटे लांब असतात आणि वरचं लिंबू दाबून टाकते. कुंडी बदलल्यावर अशी फूट हमखास येते, लोक म्हणतात वा काय जोर धरला झाडाने, आणि वर्षभराने पाहतात तर लिंबू गायब आणि भलतंच झाड उभं.

गुटी असेल तर वेगळं सांभाळा. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, फांदीची साल जिथे गोल काढली होती तिथूनच एका कड्यातून सगळी मुळं निघालेली असतात. पहिली दोन वर्षं ती जागा नाजूक, खोडाला जरा हिसका बसला की मुळांचा जुडगाच खोडापासून सुटतो, वरून काही दिसत नाही आणि दहा-पंधरा दिवसांत झाड वाळतं. म्हणून काकू म्हणतात तसं खोड धरून ओढायचं नाहीच, आणि लावतानाच बांबूची काठी द्या. काठी आधी बादलीत उभी करा, मग हुंडी ठेवा, मग माती. नंतर खुपसली की मुळांतून जाते. बांधायला सुतळी नको, जुन्या सुती कापडाची पट्टी घ्या, काठीला घट्ट आणि खोडाला सैल. गच्चीवर वारा असतो, झाड बुडाशी हलत राहिलं तर नवीन पांढरी मुळी तुटत राहते आणि झाड रुजतच नाही.

पुढे कधी चांगलं कलम हवं असेल तर आमच्या इथे केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, तिथली रोगमुक्त कलमं घेत जा, शेतकरी तिथूनच नेतात.

अनुजा_पुणे

काकू, प्रशांतदादा, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. खोड नीट बघितलं, वाकडी गाठ कुठेच नाही, मातीच्या लगेच खाली बोटाने उकरलं तर एका जागी जाड कडं आहे आणि तिथूनच मुळ्या निघाल्यात, म्हणजे गुटीच असणार. बादलीच घेते. एकच राहिलं, संतोषदादा म्हणतात तशी बुडाला खडी घालायची ना? आई पण कायम घालायची. आणि खाली ताटली ठेवावी लागेल, गच्चीवर पाणी पसरलं की खालचे लोक तक्रार करतात.

बाळा_रत्नागिरी

ताई, खडी नको. आमच्याकडे पाऊस तुमच्या पुण्याच्या चौपट तरी, त्यामुळे निचरा हा आमच्या जिवाभावाचा विषय. समज अशी असते की खाली खडी म्हणजे पाणी खडीत उतरणार. पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, वरची माती पुरती भिजून जड होईपर्यंत ते दोघांच्या सीमेवरच थांबतं. भांडी घासायचा स्पंज भिजवून उभा धरा, वरचा भाग निथळतो पण खालचा ओलाच राहतो, कुंडीतल्या मातीच्या बुडाशी तसाच ओला पट्टा कायम असतो. चार बोटं खडी घातली की तो पट्टा चार बोटं वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ, आणि तेवढी माती घालायची जागा पण गेली. भोकांवर खापराचा एकेक तुकडा उपडा ठेवा किंवा नायलॉन जाळीचा तुकडा टाका, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरतं, बस. निचरा हवा असेल तर तो अख्ख्या मातीत पाहिजे, काकूंनी तूस सांगितलंय ते त्यासाठीच.

ताटली पावसाळ्यात काढूनच ठेवा. बूड पाण्यात बसलं की वर केलेली सगळी मेहनत फुकट आणि डासांच्या अळ्या होतात त्या वेगळ्याच. खालच्यांची तक्रार टाळायची तर बादली गच्चीच्या उताराच्या बाजूला, पाणी जाण्याच्या जाळीजवळ ठेवा, विटांवर उचललेली, जाळी तुंबणार नाही एवढं अंतर राखून.

अजून एक, झाड हलवायचा दिवस झडीचा नको. संततधार असताना माती भरली की ती चिखल होऊन बसते आणि सुकल्यावर घट्ट. उघडीप बघा, ढगाळ दिवस, संध्याकाळी चारनंतर. आंब्याची कलमं आम्ही तशीच लावतो, एक-दोन चांगले पाऊस झाले, जमीन आतून भिजली, मग उघडिपीला लावायची, रात्रभर झाडाला विश्रांती मिळते. उचलताना पण हुंडीखाली दोन्ही हात घालायचे, तान्ह्या पोराला उचलणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

संतोष_सातारा

खडीचं पटलं बाळादादा, मला वाटायचं जास्त खडी म्हणजे जास्त निचरा. माझ्या ड्रममध्ये शेजारच्या विहिरीच्या कामातला मुरूम मातीतच मिसळलेला होता, बहुतेक त्यानेच काम झालं असणार.

ताई, बादलीला भोकं पाडताना गरम सळईने पाडाल तर बाहेर मोकळ्यावर करा, धूर घशाला लागतो. ड्रिल मशीन मिळालं तर बरं, पण भोकाच्या कडेला निघालेलं प्लास्टिक सुरीने काढून टाका नाहीतर भोक बुजतं.

अनुजा_पुणे

अपडेट देते. पानं गडद झाल्यावर परवाच्या रविवारच्या आधीच्या रविवारी हलवलं, ढगाळ दिवस होता, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. हुंडी अख्खी निघाली, बुडाचं वेटोळं मात्र भलतंच होतं, ते कापलं, कडेची माती सोडवली, काठी आधी लावली. पहिले चार दिवस मस्त होतं, आता मात्र पानं गळायला लागलीत, खालची पिवळी होऊन आणि मधली तर हिरवीच गळतायत. रोज सकाळी दहा-बारा खाली पडलेली असतात. जिन्याच्या वरच्या शेडमध्ये ठेवलंय, ऊन लागत नाही, उजेड आहे. पाणी रोज घालतेय. खत घालू का? कुणी म्हणालं डीएपीचे चार दाणे टाक, कुणी म्हणतं लगेच उन्हात ठेव. धाकधूक होतेय खूप.

वसुधाकाकू_नाशिक

घाबरू नको, आणि डीएपी तर अजिबात नको. आधी मला दोन गोष्टी बघून सांग.

एक, गळलेली पानं कशी आहेत. लिंबाचं पान देठाच्या सांध्यातून स्वच्छ सुटून गळलं आणि फांदी हिरवी, तर झाड स्वतःहून पानं टाकतंय, कारण मुळं कमी झालीत आणि एवढ्या पानांना पाणी पुरत नाही. पान टाकायलाही फांदी जिवंत असावी लागते. काळजीची वेळ कधी, तर पानं फांदीवरच कुरकुरीत वाळली आणि हलवली तरी पडेनात तेव्हा, ती फांदी मग पान टाकण्याच्याही पलीकडे गेलेली असते. तू म्हणतेस ती हिरवी गळतायत, म्हणजे पहिल्या प्रकारात आहेस. खात्री करायची तर कोवळ्या फांदीवर नखाने अगदी हलकं खरवड, खाली ओला हिरवा रंग दिसला की झाड ठीक.

दोन, पाणी. रोज पाणी घालतेस ते थांबव. सावलीत, पावसाळी हवेत, निम्मी पानं गळालेल्या झाडाला रोज पाणी लागत नाही. उदबत्तीची जुनी काडी किंवा बांबूची काडी घे, एक खोडापासून चार बोटांवर म्हणजे हुंडीत खोच आणि दुसरी बादलीच्या कडेला नव्या मातीत, दोन्ही पाच-सहा इंच खोल, दहा मिनिटांनी काढून बघ. हुंडीतली काडी कोरडी आणि कडेची ओली निघाली तर पाणी बाजूने पळतंय, मग पेलाभर पाणी हळूहळू हुंडीच्या माथ्यावर सोड, खोड भिजवू नको. दोन्हीला माती चिकटून आली तर पाणी नाहीच घालायचं, वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थांब. मातीला आंबूस वास आला तर मात्र लगेच सांग, तो मुळं सडत असल्याचा वास असतो आणि तेव्हा वाट बघून चालत नाही.

खत आता महिनाभर नाही. कापलेल्या मुळांच्या टोकांना रासायनिक खताचा क्षार लागला की ती आणखी जळतात, आणि झाडाला हवं ते तुझ्या मातीतल्या शेणखतात आहेच. नवी पालवी फुटून पानं पक्की झाली की झाडाने मुळं धरली असं समज, मग पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. आणि शेडमध्ये फार दिवस ठेवू नको, लिंबू उन्हाचं झाड आहे. पानगळ थांबली की आधी दोन तास सकाळच्या उन्हात, मग वाढवत जा, एकदम दुपारच्या उन्हात नेलंस तर उरलेल्या पानांवर करपल्यासारखे डाग पडतील.

झाड वरून विरळ आणि लांबुडकं झालं असेल तर शेंड्याकडची एखादी लांब फांदी तिसऱ्या हिश्श्याने कमी कर. बुडाचं वेटोळं बरंच गेलं म्हणतेस, तर वरचा भार तेवढा हलका झालेला चांगला. यापेक्षा जास्त छाटू नको, पानं असतील तरच नवी मुळं होतील.

प्रशांत_नागपूर

काकूंशी सहमत. नखाने खरवडलं की हिरवं निघतंय का तेवढं कळवा ताई.

आणि आता पुढच्या महिन्याचं सांगून ठेवतो कारण तेव्हा कुणी इथे येऊन विचारत नाही आणि झाड जातं. नवीन कोवळी पालवी आली की लिंबाचं फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. अळी लहान असताना अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, त्यामुळे लक्षात येत नाही, मोठी झाली की पानासारखीच हिरवी. मोठ्या झाडाला काही होत नाही पण तुमच्या दोन फुटांच्या, आधीच पानं गळालेल्या झाडाची सगळी पालवी दोन अळ्या तीन-चार दिवसांत साफ करतात, आणि तेच दुसऱ्यांदा झालं तर नवीन मुळांना खायला घालायला झाडाकडे काही उरत नाही. रोज सकाळी पानं उलटी करून पाहा, बारीक पिवळसर गोल अंडं दिसलं तर बोटाने पुसून टाका, अळी दिसली तर उचला. सोसायटीत कुठे मोठं लिंबाचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड असेल तर त्यावर नेऊन सोडा, दोन्हीवर ती जगते. पानांवर वेड्यावाकड्या चंदेरी रेघा दिसल्या तर ती पान पोखरणारी अळी, तेवढी पानं तोडून टाका किंवा निंबोळी अर्क ५ मिली एक लिटर पाण्यात, थेंबभर साबण घालून, संध्याकाळी फवारा. पाऊस पडून धुऊन गेलं तर परत.

अनुजा_पुणे

खरवडून बघितलं, आत हिरवंगार आहे. आणि काड्या लावल्या तर काकू म्हणाल्या तसंच निघालं, कडेची चिखलाने माखलेली आणि मधली जवळजवळ कोरडी. आता फक्त मध्येच पेलाभर घालतेय.

वसुधाकाकू_नाशिक

मग सापडलं कारण. तीन-चार वेळा असं मध्येच घातलंस की हुंडी परत पाणी धरायला लागेल. चिकण माती एकदा पूर्ण वाळली की पहिलं पाणी वरूनच घसरून जातं, म्हणून पेलाभराचे दोन भाग कर, अर्धा पेला घाल, पंधरा मिनिटं जाऊ दे, मग उरलेला. आठवड्याने परत दोन्ही काड्या लाव, दोन्ही सारख्या ओल्या आल्या की मग सगळीकडे पाणी घालायला हरकत नाही.